नसलेल्या माणसांचे अर्ज

२००१ सालच्या जुलै महिन्यात बोस्टन आणि शिकागो या अमेरिकी शहरांत काही मंडळी अचानक नोकरी शोधू लागली. एमिली वॉल्श, ग्रेग बेकर, लकीशा वॉशिंग्टन, जमाल जोन्स. रविवारच्या पेपरात विक्रेता, कारकून, ग्राहकसेवा असल्या कामांची जाहिरात दिसली की यांचे अर्ज फॅक्सने नाहीतर टपालाने जाऊन थडकत. कुणाचा अनुभव दांडगा, कुणाच्या बायोडेटात मधले सहा-आठ महिने कोरे. प्रत्येकाला घरचा पत्ता होता, फोन नंबर होता आणि फोन लावलाच तर ‘निरोप ठेवा’ म्हणणारा आवाजही होता. नव्हती ती फक्त माणसं.

ही सगळी बनवाबनवी दोन अर्थशास्त्रज्ञांची. शिकागो विद्यापीठातल्या मारियान बर्ट्रांड आणि एमआयटीतले सेंधिल मुल्लाइनाथन. बाकी सगळं सारखं ठेवायचं, अर्जावरचं नाव तेवढं बदलायचं आणि मग काय होतं ते मोजायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

या प्रयोगाचे आकडे पुष्कळांना माहीत असतात. मला मात्र त्यातली कारागिरी जास्त भुरळ घालते. खोटा माणूस खरा वाटायचा तर त्याचं आयुष्य खऱ्या आयुष्यातूनच बेतायला हवं. म्हणून नोकरीच्या वेबसाइटवर लोकांनी टाकलेले बायोडेटा घेतले, त्यांतले तपशील फिरवले आणि शिकागोकरांवरून बेतलेले अर्ज बोस्टनला, बोस्टनकरांवरून बेतलेले शिकागोला पाठवले. न जाणो, एखाद्या साहेबाच्या टेबलावर मूळ मालकाचाच अर्ज शेजारी येऊन पडायचा! मग अर्जांचे दोन गट केले, सरस आणि साधारण. सरस अर्जात अनुभव थोडा जास्त, खंड कमी, एखादं प्रमाणपत्र, एखादी परकी भाषा.

नावांसाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या १९७४ ते १९७९ मधल्या जन्मनोंदी धुंडाळल्या. कोणतं नाव प्रामुख्याने गोऱ्या घरांत ठेवलं जातं आणि कोणतं कृष्णवर्णीय घरांत, ते काढलं. तेवढ्यावरही भागलं नाही. शिकागोत चारचौघांत जाऊन लोकांना ती नावं वाचून दाखवली आणि हा माणूस कोण असेल असं विचारलं. मॉरिस आणि जेरोम ही नावं नोंदींप्रमाणे कृष्णवर्णीयांची निघत होती, पण ऐकणाऱ्यांना तसं वाटत नव्हतं. ती वगळली. फोनच्या यंत्रावरचा आवाजसुद्धा नावाला साजेशा वंशाच्या आणि लिंगाच्या माणसाकडून रेकॉर्ड करून घेतला.

प्रत्येक जाहिरातीला साधारणपणे चार अर्ज जात, दोन सरस आणि दोन साधारण. प्रत्येक जोडीत एक नाव गोऱ्या वळणाचं, एक कृष्णवर्णीय वळणाचं. कुठल्या कागदावर कुठलं नाव चढणार हे कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं, ते यदृच्छेने ठरे. सगळी जादू या एका गोष्टीत आहे. आज लकीशाच्या नावाने गेलेला बायोडेटा उद्या दुसऱ्या कंपनीकडे एमिलीच्या नावाने जाऊ शकत होता. त्यामुळे लकीशाला कमी फोन आले, तर तिचं शिक्षण कमी होतं किंवा तिचा अर्ज गबाळा होता असं म्हणायला कुणाला जागाच उरत नाही. सुमारे १,३०० जाहिराती, जवळपास ५,००० अर्ज.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर थोड्या मागच्या काळात आहे. भेदभाव पूर्वी छापलेला असे. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत ‘पुरुष हवेत’ आणि ‘स्त्रिया हव्यात’ असे नोकऱ्यांचे वेगवेगळे रकानेच असत. १९६४ सालच्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयता आणि लिंग यांवरून नोकरी नाकारायला बंदी केली. (‘लिंग’ हा त्यातला मुद्दा मूळ मसुद्यात नव्हता. व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ यांनी तो ८ फेब्रुवारीला सभागृहात सुचवला, तेव्हा हशा पिकला. स्मिथ स्वतः वंशभेदाचे कट्टर समर्थक. विधेयक बुडवायला त्यांनी ही खुंटी मारली की मनापासून, यावर इतिहासकार अजून वाद घालतात.) कायदा झाल्यावरही रकाने काही वर्षं टिकलेच. पिट्सबर्गमधल्या एका वर्तमानपत्राचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ साली न्यायालयाने वर्तमानपत्राच्या विरोधात कौल दिला.

आपल्याकडची याच सुमाराची गोष्ट मराठी वाचकांना पाठ आहे. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या फलकावर टाटांच्या टेल्कोची जाहिरात लागली आणि तिच्याखाली स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी ओळ होती. तिथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं गेलं आणि त्या टेल्कोतल्या पहिल्या स्त्री इंजिनिअर झाल्या. त्यांना भांडता आलं, कारण भांडायला समोर एक ओळ होती.

कायद्याने ती ओळ पुसली आणि मग गंमत झाली. नाकारणारा काही बोलेना, आणि नाकारलं गेलेल्याला कळेना. शंभर अर्ज आले, दहा जणांना फोन गेले. ज्या नव्वदांना गेले नाहीत त्यांतल्या कुणाला का नाही, हे त्या नव्वदांना कसं कळणार? त्यांना तर त्या दहांचे बायोडेटाही दिसत नाहीत. आणि फोन करणारा अधिकारी मनाशी शंभर टक्के प्रामाणिक असू शकतो. त्याने अर्ज चाळले, काही ‘बरे वाटले’. एरवी आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, इथे तीच चालत नाही. एकेक नकार सुटा घेतला तर प्रत्येकाला काहीतरी सभ्य कारण चिकटवता येतं. हजारो नकार एकत्र मांडले आणि प्रत्येकाशेजारी त्याचा जुळा भाऊ उभा केला, तरच भेद दिसतो. जुळे भाऊ बाजारात मिळत नाहीत, म्हणून ते बनवावे लागले.

ही युक्ती बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन यांची नव्हे. ती त्याआधी तीसेक वर्षं ब्रिटनमध्ये निघाली. तिथल्या १९६५ सालच्या वंशसंबंध कायद्यात नोकऱ्यांचा समावेशच नव्हता, कारण तसा काही मोठा प्रश्न आहे हेच पुष्कळांना मान्य नव्हतं. १९६७ साली एका संशोधन संस्थेने नोकरी देणाऱ्यांकडे आणि घरमालकांकडे माणसं पाठवून पाहिली. एक इंग्रज, एक कृष्णवर्णीय स्थलांतरित आणि तिसरा हंगेरियन. या तिसऱ्या माणसाला माझा सलाम! कृष्णवर्णीय माणसाला नकार मिळाला तर मालक म्हणू शकला असता, ‘रंगाचं काही नाही हो, परका माणूस आहे, भाषेची अडचण होते.’ हंगेरियनही परकाच, त्याचेही उच्चार वेगळे, पण रंग गोरा. तो इंग्रजाच्या किती जवळ जातो आणि कृष्णवर्णीयाच्या किती, एवढं पाहिलं की परकेपणा किती आणि कातडी किती याची फोड होते. हंगेरियन पुष्कळच पुढे गेला. पुढच्याच वर्षीच्या, १९६८च्या कायद्यात नोकऱ्या आणि घरं दोन्ही आली. त्यानंतर १९६९ मध्ये रॉजर जॉवेल आणि पॅट्रिशिया प्रेस्कॉट-क्लार्क यांनी माणसं पाठवायचंही सोडून दिलं आणि नुसती पत्रं पाठवली. माणसाच्या हसण्या-बोलण्यात नकळत फरक पडतो. कागदात तो पडत नाही.

आता बोस्टन-शिकागोचा निकाल. गोऱ्या वळणाच्या नावांना ९.६५ टक्के वेळा बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वळणाच्या नावांना ६.४५ टक्के वेळा. म्हणजे एमिलीला एक फोन यायला दहा अर्ज करावे लागत होते आणि लकीशाला पंधरा. हीच भरपाई अनुभवाने करायची म्हटली तर जवळजवळ आठ वर्षांचा जादा अनुभव लागला असता.

पण मला खुर्चीत सरसावून बसायला लावलं ते पुढच्या निष्कर्षाने. सरस बायोडेटाचा फायदा कुणाला किती झाला? गोऱ्या नावांना चांगला झाला, त्यांची बोलावणी पावपटीहून जास्त वाढली. कृष्णवर्णीय नावांना मात्र तो जेमतेम जाणवण्याइतका. सामान्य बुद्धीला उलट वाटतं. मालकाच्या मनात शंका असेल तर चांगला कागद ती शंका दूर करील, म्हणजे ज्याच्याबद्दल शंका जास्त त्याला कागदाचा उपयोगही जास्त व्हायला हवा. झालं नेमकं उलट. लकीशाचा कागद नावाच्या खाली फारसा वाचलाच जात नसावा, असा एक अंदाज संशोधकांनी केला. ‘शिका, पुढे या, मग दारं उघडतील’ हा सल्ला ज्यांना सतत दिला जातो, त्यांच्याच बाबतीत शिक्षणाची किल्ली कमी फिरते, असा याचा अर्थ. आणि ‘आम्ही सर्वांना समान संधी देतो’ असं जाहिरातीत छापणाऱ्या कंपन्या? त्याही इतरांइतकाच भेद करत होत्या.

यावर आक्षेप आले, आणि काही आक्षेपांत दम आहे. लकीशा हे नाव वंशाबरोबर वर्गही सांगतं. तसली नावं कमी शिकलेल्या आयांच्या घरात जास्त ठेवली जातात. मग मालकाने नाकारलं ते वंशाला की गरिबीला? पुढच्या काही प्रयोगांत नावं बदलल्यावर दरी कमी-जास्त झाली, कुठे ती सापडलीच नाही. म्हणून एका प्रयोगावर विसंबण्यात अर्थ नाही. २०१७ साली लिंकन क्विलियन आणि सहकाऱ्यांनी १९८९ पासूनचे असे २८ प्रयोग एकत्र मांडले. गोऱ्या अर्जदारांना कृष्णवर्णीयांपेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त बोलावणी. आणि पंचवीस वर्षांत, त्यात एक कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष दोनदा निवडून येऊनसुद्धा, ही दरी घटल्याची खूण नाही.

त्या क्विलियन यांच्या सहकाऱ्यांत देवा पेजर होत्या. या बाईंचं काम मला सगळ्यांत धाडसी वाटतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात पीएचडी करताना त्यांनी मिलवॉकी शहरात चार तरुण नेमले, दोन गोरे, दोन कृष्णवर्णीय, सगळे २३ वर्षांचे, कॉलेजात शिकणारे, बोलायला चटपटीत. इथे माणसं खरी, पण त्यांचा भूतकाळ खोटा. गोऱ्यांची जोडी वेगळ्या कंपन्यांकडे, कृष्णवर्णीयांची वेगळ्या. प्रत्येक जोडीतला एक जण अर्जात लिहायचा की अंमली पदार्थाच्या गुन्ह्यात मी दीड वर्ष तुरुंगात होतो. दुसरा स्वच्छ. पुढच्या आठवड्यात भूमिकांची अदलाबदल. असं करत ३५० ठिकाणी अर्ज गेले.

स्वच्छ गोऱ्याला ३४ टक्के वेळा बोलावणं आलं, तुरुंगातून सुटलेल्या गोऱ्याला १७ टक्के. स्वच्छ कृष्णवर्णीयाला १४ टक्के. तुरुंगातून सुटलेल्या कृष्णवर्णीयाला ५. मधले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ज्याने आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही असा कृष्णवर्णीय तरुण, नुकताच तुरुंगातून आलेल्या गोऱ्याच्याही किंचित मागे.

पेजर यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये सहकाऱ्यांसह असाच प्रयोग केला तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मालकांच्या वागण्यात द्वेष क्वचितच दिसे. प्रत्यक्ष अर्ज करणाऱ्या मुलांनाही आपल्याला डावललं गेलं हे बहुतेक वेळा त्या क्षणी कळत नसे. हसून बोलणं, हस्तांदोलन, ‘कळवतो हं’. दोघांच्या नोंदवह्या शेजारी ठेवल्यावर दिसे की त्याच दुकानात त्याच दिवशी गोऱ्या मुलाला काम मिळालं होतं. पेजर २०१८ साली अवघ्या ४६व्या वर्षी कर्करोगाने गेल्या.

हे सगळं वाचताना मराठी वाचकाच्या मनात एक विचार आल्याशिवाय राहत नाही, की अमेरिकेत जे पहिल्या नावाने होतं ते आपल्याकडे आडनावाने होत असणार. हा विचार अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेल्या सुखदेव थोरात यांनी प्रयोगात उतरवला. न्यूयॉर्कचे पॉल अ‍ॅटवेल त्यांच्या जोडीला. इंग्रजी दैनिकांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज गेले. पात्रता सारखी. काही अर्जांवरचं आडनाव उच्चवर्णीय हिंदू, काहींवरचं दलित, काहींवर मुस्लिम नाव. जातीचा उल्लेख कुठेही नाही. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निकाल छापून आला. उच्चवर्णीय नावाची पुढची पायरी गाठण्याची शक्यता १ धरली तर दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३.

त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर लेख लिहिला होता. सगळे एकमुखाने सांगत होते की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि थोड्या वेळाने तेच सांगत होते की उमेदवाराची ‘घरची पार्श्वभूमी’ विचारतो, वडील काय करतात, कुठून आलात. दोन्ही वाक्यं एकाच तोंडून, आणि बोलणाऱ्याला त्यात विसंगती दिसत नव्हती. आपल्या राज्यघटनेचं १६वं कलम सरकारी नोकरीत जात, धर्म, लिंग यांवरून भेद करायला मनाई करतं. खासगी कंपनीच्या दारात ते थांबतं.

दिल्लीतल्या आणखी एका प्रयोगाने या चित्रात एक नवलाची भर घातली. त्यात अभिजित बॅनर्जी होते, शिवाय आपले बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत आडनावाने फरक पडला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत पडला, मुख्यतः इतर मागासवर्गीय नावांबाबत. त्यांचा कयास असा की प्रोग्रॅम चालतो की नाही हे तपासता येतं, ‘बोलणं-वागणं’ तपासायचं तर मनातल्या चित्राशी ताडून पाहावं लागतं. मला हा कयास पटतो. ज्या कामाची फुटपट्टी धूसर, तिथे आडनाव फुटपट्टी होऊन बसतं.

स्त्रियांच्या बाबतीत हे यंत्र लावलं तर चित्र आणखी चक्रावून टाकणारं दिसतं. (वाद्यवृंदातल्या भरतीत वादकाला पडद्यामागे बसवलं आणि स्त्रियांची निवड वाढली, ही गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक व्याख्यानात येते. गोष्ट सुरेख आहे, पण त्यातले आकडे नंतरच्या तपासणीत फारसे भक्कम ठरले नाहीत, म्हणून मी तिच्यावर भार टाकत नाही.) फिलाडेल्फियात डेव्हिड न्यूमार्क यांनी दोन मुलगे आणि दोन मुली ६५ रेस्टॉरंटांत वेटरच्या कामासाठी पाठवल्या. मॅनेजरला भेटायचं नाही, पहिला जो कर्मचारी दिसेल त्याच्या हातात बायोडेटा द्यायचा, म्हणजे दिसण्या-बोलण्याचा प्रश्न नको. महागड्या ठिकाणी मुलग्यांना पसंती. स्वस्त ठिकाणी मुलींना. रेस्टॉरंटचा एकूण धंदा पाहिला तर भेदभाव फारसा दिसला नसता, पण जिथे पगार आणि टिप जास्त तिथेच दार अरुंद होतं.

शेली कोरेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याहून बारीक पातं वापरलं. एकाच तोलाच्या दोन बायोडेटांपैकी एकात ‘शाळेच्या पालक-शिक्षक संघाची पदाधिकारी’ अशी ओळ घातली, दुसऱ्यात ‘वस्तीच्या संघाची’. पहिल्या स्त्रीला मूल आहे हे त्या एका ओळीने कळतं. ६३८ नोकऱ्यांच्या जाहिरातींतून निघालं ते असं, की मूल नसलेल्या स्त्रियांना आयांच्या दुपटीहून थोडी जास्त बोलावणी आली. आणि हीच ओळ पुरुषाच्या बायोडेटात गेली तेव्हा? काही बिघडलं नाही. बाप झाल्याने पुरुषाचं नुकसान झालं नाही. प्रयोगशाळेतल्या जोडप्रयोगात तर आईला सुचवलेला पगार बिनमुलाच्या स्त्रीपेक्षा वर्षाला ११,००० डॉलरने कमी होता. स्त्री म्हणून आणि आई म्हणून बंद होणारी दारं वेगवेगळी आहेत, हे मोजून दाखवणारा हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक.

आणि मग आला अजस्र प्रयोग. पॅट्रिक क्लाइन, इव्हन रोझ आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी २०१९ ते २०२१ या काळात अमेरिकेतल्या १०८ बड्या कंपन्यांना ८३,००० च्या वर बनावट अर्ज पाठवले. इतके अर्ज कशाला? कारण आधीचे प्रयोग सगळ्या बाजाराची सरासरी सांगत, कुठली कंपनी किती भेद करते हे सांगू शकत नव्हते. त्यासाठी एकाच कंपनीच्या देशभरातल्या वेगवेगळ्या शाखांचं दार शेकडो वेळा ठोठावावं लागतं. कृष्णवर्णीय नावांना सरासरी २.१ टक्के गुणांनी कमी प्रतिसाद आला. पण हा भार सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. कृष्णवर्णीयांचं जवळपास निम्मं नुकसान सर्वांत जास्त भेद करणाऱ्या एक-पंचमांश कंपन्यांकडूनच होत होतं. ज्या कंपन्यांत भरती एका मध्यवर्ती विभागाकडून होते तिथे दरी कमी होती.

लिंगाचा निकाल पाहाल तर सरासरी दरी जवळजवळ शून्य. इथे थांबणारा माणूस ‘प्रश्न सुटला’ म्हणून पुस्तक मिटील. कंपनीवार पाहिलं तर काही ठिकाणी पुरुषांना ठसठशीत पसंती, काही ठिकाणी, उदाहरणार्थ कपड्यांच्या दुकानांत, स्त्रियांना. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकत होत्या. न्यूमार्क यांची महागडी आणि स्वस्त रेस्टॉरंटं, फक्त देशभर पसरलेली.

मग सरळ नावच झाकलं तर? हा उपाय कुणालाही सुचेल, आणि फ्रान्समध्ये सरकारने तो करून पाहिला. २०१०-११ मध्ये सुमारे हजार कंपन्यांच्या मदतीने नाव-पत्ता खोडलेले बायोडेटा पाठवले. निकाल उलटा लागला. स्थलांतरित घरांतल्या उमेदवारांना अनामिक बायोडेटामुळे कमी मुलाखती मिळाल्या. प्रयोगात आपणहून उतरलेल्या कंपन्या मुळात उदार मनाच्या होत्या. नाव दिसत होतं तेव्हा त्या बायोडेटातल्या खंडाकडे, तुटपुंज्या अनुभवाकडे समजुतीने पाहत. नाव झाकल्यावर ती समजूतही झाकली गेली.

अमेरिकेत याचाच एक भाऊ निघाला. अर्जात ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का’ हा प्रश्न विचारायला अनेक शहरांनी आणि राज्यांनी बंदी केली. हेतू उघड होता, तुरुंगातून आलेल्यांना, त्यांत कृष्णवर्णीय जास्त, निदान दारापर्यंत जाता यावं. अमांडा एगन आणि सोन्या स्टार यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात बंदीच्या आधी आणि नंतर मिळून १५,००० बनावट अर्ज पाठवले. हा प्रश्न विचारणाऱ्या कंपन्यांत आधी गोऱ्यांना ७ टक्के जास्त बोलावणी येत होती. प्रश्न हटवल्यावर ४३ टक्के. कागदावरची माहिती गेली, तेव्हा मालकांनी ती जागा अंदाजाने भरली, आणि अंदाजाला आधार रंगाचा होता. स्वच्छ नोंद असलेल्या कृष्णवर्णीय तरुणाकडे ती दाखवायची जी एकमेव सोय होती, तीच त्याच्या हातून गेली. वाचताना पोटात कालवतं, पण त्यात एक विलक्षण सुगावाही आहे. बोस्टनमध्ये चांगली माहिती देऊनही ती वाचली गेली नव्हती. इथे वाईट माहिती नसताना ती कल्पनेने वाचली गेली. भेदभावाचं एकच यंत्र असतं असं मानणाऱ्या पंडितांना हे दोन निकाल एका मुठीत धरता येत नाहीत.

अलीकडे तर अर्ज वाचणारा माणूसच उठून गेला आहे आणि त्याच्या खुर्चीत प्रोग्रॅम बसला आहे. अ‍ॅमेझॉनने असा एक प्रोग्रॅम बनवून पाहिला. त्याला शिकवायला कंपनीकडे आलेले आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दिले, जे बहुतांश पुरुषांचे होते. प्रोग्रॅम जे शिकायचं ते शिकला. ‘महिला बुद्धिबळ संघाची कर्णधार’ अशासारख्या ओळीतला ‘महिला’ हा शब्द दिसला की तो गुण कापू लागला. कंपनीने तो गुंडाळून ठेवला, आणि ही गोष्ट २०१८ साली रॉयटर्सने बाहेर आणली.

पण प्रयोग करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर या यंत्रात एक अशी सोय आहे की बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन यांना २००१ साली तिचा हेवा वाटला असता. माणसाला तोच बायोडेटा दोन नावांनी दाखवता येत नाही, तो लगेच ओळखतो. म्हणून तर जुळे नसून जुळ्यासारखे अर्ज बनवावे लागले, हजारोंनी पाठवावे लागले. यंत्राला दर वेळी कोरी पाटी देता येते. अक्षर न् अक्षर तोच कागद, आधी एका नावाने, मग दुसऱ्या. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये भाषेच्या तीन मॉडेलांना साडेपाचशेहून जास्त बायोडेटा नावं बदलून दाखवले आणि तीसेक लाख तुलना केल्या. गोऱ्या वळणाच्या नावांना ८५ टक्के वेळा पसंती. स्त्रियांच्या नावांना ११ टक्के वेळा. कृष्णवर्णीय पुरुषाचं नाव गोऱ्या पुरुषाच्या नावापुढे एकदाही गेलं नाही.

न्यूयॉर्क शहराने यासाठी कायदा केला आहे. ५ जुलै २०२३ पासून भरतीसाठी असं यंत्र वापरणाऱ्या कंपनीने दरवर्षी त्रयस्थाकडून त्याची तपासणी करून घ्यायची आणि वंश व लिंग यांनुसार निघालेले आकडे आपल्या वेबसाइटवर लावायचे. मात्र आपल्या यंत्राला हा कायदा लागू होतो की नाही, हे बऱ्याच अंशी कंपनीनेच ठरवायचं. काही संशोधकांनी विद्यार्थ्यांना कामाला लावून शहरातल्या ३९१ कंपन्यांच्या वेबसाइट धुंडाळल्या. अहवाल १८ जणांकडे सापडला.